किनाऱ्यालगतचे तळे पुन्हा भरती-ओहोटीशी जोडण्याआधी काय तपासावे?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. खाडीच्या कडेला असलेल्या एका तळ्याची पाहणी करून अहवाल देण्याचे काम आमच्या पाच जणांच्या गटाकडे आले आहे. तळे सुमारे ४ हेक्टरांचे आहे. तळे आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा जुना बांध असून त्यातून ६० सेंटिमीटर व्यासाचा सिमेंटचा एकच पाइप जातो. पाइपाच्या तोंडाशी असलेली लोखंडी झडप गंजून अर्धवट उघडी अडकली आहे, त्यामुळे भरतीचे थोडे पाणी आत येते आणि ओहोटीला त्यातले थोडे बाहेर जाते. पाणी मचूळ आहे. ओहोटीच्या वेळी बांधावर उभे राहिले तर एका बाजूला खाडीचा चिखल पूर्ण उघडा पडलेला दिसतो आणि दुसऱ्या बाजूला तळे मात्र जसेच्या तसे भरलेले असते. पूर्वेच्या काठाजवळ पोटरीभर पाण्यात झाडांचे काळे पडलेले खुंट रांगेने उभे आहेत. ते कधी आणि कशाने मेले, हे सांगणारे कोणी भेटले नाही.

हे तळे पुन्हा खाडीला मोकळेपणाने जोडून तेथे खाजण (भरती-ओहोटीत भिजणारी, खारवनस्पतींची जमीन) तयार होऊ शकेल का, हा मूळ प्रश्न आहे. गटातील दोघांचे म्हणणे असे, की येत्या हंगामात काठाने खारफुटीची रोपे लावून सुरुवात करावी, म्हणजे निदान काही तरी झाल्याचे दिसेल. एकाच्या मते बांध फोडला की उरलेले काम निसर्ग करील. मला दोन्ही मते घाईची वाटतात, पण नेमके काय मोजावे आणि कोणत्या क्रमाने मोजावे, हे मला सांगता येत नाही. आमच्यापाशी चार महिने आहेत आणि साधने बेताची आहेत. काय आढळले तर हा विचार सोडून द्यावा, हेही कोणी अनुभवी व्यक्तीने सांगितल्यास उपकार होतील.

पाणीपातळी

आपली शंका रास्त आहे. रोपांचा विचार सर्वांत शेवटी करावा, आणि पुष्कळदा तो करावाच लागत नाही. पाण्याची पातळी आणि जमिनीची उंची योग्य असेल तर बिया आणि शेंगा भरतीबरोबर आपोआप येऊन रुजतात. पातळी चुकली असेल तर हाताने लावलेली रोपे दोन-तीन वर्षांत मरतात. फिलिपिन्समध्ये अनेक दशके मोठ्या प्रमाणावर खारफुटीची लागवड झाली, परंतु दीर्घकाळ तग धरलेल्या रोपांचे प्रमाण १० ते २० टक्क्यांच्या आसपासच राहिले. याचे एक मोठे कारण म्हणजे रोपे खाडीच्या फार खालच्या चिखलात, जेथे ती मुळात कधी वाढतच नव्हती, अशा जागी लावली गेली. अमेरिकेतील पाणथळ जागांचे तज्ज्ञ रॉबिन लुईस यांनी फ्लोरिडातल्या कामांवरून हाच मुद्दा आयुष्यभर मांडला, की आधी पाण्याची ये-जा दुरुस्त करा. आणि खारफुटीची जमीन एकूण वेळेच्या साधारण ३० टक्के किंवा त्याहून कमी काळच पाण्याखाली असते, हे लक्षात ठेवा.

म्हणून पहिले काम पाण्याची पातळी मोजण्याचे. दाबावर चालणारी दोन नोंदयंत्रे घ्यावीत. एक तळ्यात आणि एक खाडीत, ओहोटीलाही उघडे पडणार नाही अशा जागी बसवावे, आणि दर दहा मिनिटांनी नोंद घ्यावी. तिसरे यंत्र बांधावर कोरड्या जागी, सावलीत ठेवावे लागते, कारण पाण्यातले यंत्र पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजते आणि हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की पातळीच्या नोंदीत सुमारे १ सेंटिमीटरचा फरक पडतो. तुमच्या तळ्यात एकूण हालचालच जर दहा-पंधरा सेंटिमीटरांची असेल, तर ही चूक अख्खे निष्कर्ष उलटवू शकते. उधाण ते उधाण हे चक्र सुमारे पावणेपंधरा दिवसांचे असते. तरीही नोंदी पूर्ण एका चांद्रमासाच्या, म्हणजे किमान ३० दिवसांच्या घ्याव्यात, कारण अमावास्येचे आणि पौर्णिमेचे उधाण सहसा सारखे नसते.

यापुढची गोष्ट रुक्ष आहे, पण बहुतेक पाहण्या येथेच फसतात. तळ्यातली पातळी, खाडीतली पातळी, पाइपाचे बूड, तळ्याचा तळ आणि आजूबाजूची जमीन या सगळ्यांच्या उंच्या एकाच आधारपातळीवर आणाव्या लागतात. भरतीच्या कोष्टकातील आकडे नौकानयनाच्या नकाशांच्या शून्यापासून मोजलेले असतात आणि ते शून्य जवळजवळ सर्वांत नीच ओहोटीपाशी धरलेले असते. जमिनीच्या सर्वेक्षणातले शून्य मात्र साधारण सरासरी समुद्रपातळीपाशी असते. दोन्हींत मीटर-दोन मीटरांचा फरक सहज पडतो. हे आकडे एकमेकांत मिसळून केलेला एक आराखडा मी स्वतः तपासला आहे. त्यात कागदावर हिरवीगार दाखवलेली सगळी जमीन प्रत्यक्षात चोवीस तास पाण्याखाली राहिली असती. बांधाजवळ एक पक्का बेंचमार्क (उंची मोजण्यासाठीची कायमची खूण) ठरवा आणि सगळ्या उंच्या त्यावरून घ्या. चिखलात लेव्हल (उंची) घेताना स्टाफच्या, म्हणजे आकडे असलेल्या उभ्या पट्टीच्या, बुडाशी पत्र्याची तळहाताएवढी चकती बसवा. नाही तर स्टाफ धरणाऱ्याच्या वजनाने तो हळूहळू खाली जातो आणि वाचणाऱ्याला ते कळतही नाही.

पाइपाबद्दल आताच एक ढोबळ हिशेब करता येतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या पाइपाचा छेद ०.२८ चौरस मीटर भरतो. पाणी सरासरी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहते असे उदारपणे धरले, तरी सव्वासहा तासांच्या भरतीत त्यातून सुमारे ६,३०० घनमीटर पाणी आत येईल. ते ४ हेक्टरांवर पसरले की पातळी जेमतेम १६ सेंटिमीटर चढेल. थोडक्यात, खाडीत कितीही मोठे उधाण असो, तुमच्या तळ्याला त्याची चाहूलच तेवढी लागते.

जमिनीच्या उंच्या मिळाल्यावर तळ्याचे किती क्षेत्र कोणत्या उंचीच्या खाली आहे, याचा आलेख काढा. खारवनस्पती आणि खारफुटी साधारणपणे सरासरी समुद्रपातळीपासून सर्वांत मोठ्या उधाणाच्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यात वाढतात. तळ्याचा तळ याहून खोल असेल तर बांध फोडूनही हाती येईल ते उथळ पाणी किंवा उघडा चिखल. इंग्लंडमध्ये टोल्सबरी येथे १९९५ साली बांध फोडून २१ हेक्टर जमीन समुद्राला परत दिली गेली. तेथेही पहिली काही वर्षे वनस्पती वरच्या कडेनेच रुजल्या आणि खालचा मोठा भाग चिखलच राहिला. ते अपयश होते असे मी म्हणणार नाही, परंतु अहवालात "खाजण" असा शब्द लिहिण्याआधी हा आलेख समोर असावा.

काळा गाळ

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात मातीची भर घालतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे तळे पूर्वी खाजण होते का, याचा पुरावा तळातच असतो. दोन इंची प्लास्टिकचा पाइप हाताने चिखलात दाबून, वरचे तोंड घट्ट बंद करून वर काढला, तर मीटरभर लांबीचा गाभा निघतो. तो लांबीच्या बाजूने चिरून उघडा. वर काळा, लोण्यासारखा मऊ गाळ आणि त्याखाली बारीक मुळांचे जाळे असलेला तपकिरी थर दिसला, तर पूर्वी तेथे भरती-ओहोटीत वाढणाऱ्या वनस्पती होत्या असे समजण्यास जागा आहे. तो मुळांचा थर नेमका कोणत्या उंचीवर आहे, हेही नोंदवा. असा थर कुठेच न मिळता केवळ वाळू आणि शिंपले मिळाले, तर हे तळे कदाचित वाळूच्या दांड्यामागे आपोआप बनलेले असेल, आणि मग "पुनरुज्जीवन" हा शब्द वापरताना विचार करावा लागेल. खुंटांच्या बुडाशी एक गाभा अवश्य घ्या.

दुसरी गोष्ट आम्लाची. खाऱ्या, हवा न मिळणाऱ्या चिखलात लोह आणि गंधक यांचे पायराइट तयार होते. ते पाण्याखाली असेपर्यंत निरुपद्रवी असते. हवा लागली की त्यापासून गंधकाम्ल बनते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेलफ्लीटजवळ हेरिंग नदीच्या मुखावर १९०९ साली बांध घातला गेला. वरची खाजण जमीन कोरडी पडत गेली, तिच्यातल्या पायराइटचे आम्ल झाले, त्या पाण्यात मासे मेले, आणि सेंद्रिय माती कुजून व दबून जमीन खचली. आता तेथे भरती परत आणण्याचे काम चालू आहे आणि ते टप्प्याटप्प्यानेच करावे लागत आहे, कारण खचलेल्या जमिनीवर एकदम पाणी सोडले तर ती नुसती बुडेल.

तुमचे तळे भरलेले असल्यामुळे तळातल्या मातीला आज धोका नाही. धोका आहे तो खणलेल्या मातीचा. पाइपाच्या जागी मोठी वाट काढताना निघालेला काळा गाळ काठावर ढीग करून ठेवला, तर पहिल्या पावसात त्यातून आम्ल तळ्यात उतरेल. यासाठी मातीच्या नमुन्यांची चाचणी आधीच करून घ्यावी. नमुना पिशवीत भरताना हवा पूर्ण काढावी, तो थंड ठेवावा आणि लगेच प्रयोगशाळेत द्यावा. जागेवर ढोबळ अंदाज घ्यायचा असेल तर ३० टक्के तीव्रतेच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकतात. माती जोरात फसफसली आणि नंतर तिचा सामू (पीएच) ३ च्या खाली गेला तर पायराइट आहे असे मानावे. हे द्रव त्वचा भाजणारे आहे. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा नसताना ते उघडूही नये.

क्षारता मोजताना वरच्या पाण्याचा एकच आकडा घेऊन थांबू नका. अशा तळ्यांत हलके गोडे पाणी वर आणि जड खारे पाणी तळाशी, असे थर राहतात आणि तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. वर उभे राहणाऱ्याला ते कळत नाही. बांध एकदम फोडला की तळाचे पाणी ढवळून वर येते आणि दुसऱ्या दिवशी मेलेले मासे काठाला लागतात. क्षारतेचा मिथेन या हरितगृह वायूशीही संबंध आहे. समुद्राच्या पाण्यातील सल्फेटमुळे मिथेन तयार होण्यास अडथळा येतो. क्षारता १८ पीपीटीच्या (हजार भागांत १८ भाग क्षार) वर असलेल्या पाणथळ जमिनींतून मिथेन बरेच कमी सुटते, तर मचूळ पाण्यात ते अधिकही असू शकते. कार्बनच्या नावाने कोणी निधी देणार असेल तर हा तपशील त्यांना आधीच सांगितलेला बरा.

पाणपक्षी

माझे मत थोडे वेगळे आहे. आपण सर्व जण हे तळे "बिघडलेले" आहे असे गृहीत धरून बोलत आहोत. ते आज कोणाच्या उपयोगाचे आहे, हे कोणी पाहिले आहे का? उथळ, संथ, ओहोटीलाही न आटणारे तळे म्हणजे भरतीच्या वेळी खाडीचा चिखल बुडाल्यावर पाणपक्ष्यांना टेकायला मिळणारी जागा असते. म्हणून गणना करताना ती भरतीच्या ऐन वेळी करावी; सकाळी सोयीच्या वेळी जाऊन "फारसे पक्षी नव्हते" असे लिहिलेल्या नोंदींना अर्थ नसतो. चार महिन्यांत स्थलांतराचा काळ येत नसेल तर तसे अहवालात स्पष्ट लिहावे.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिणेकडील मिठागरांची सुमारे ६,१०० हेक्टर जागा २००३ साली सरकारी ताब्यात आली, तेव्हा ती सगळीच्या सगळी भरतीला खुली करावी असे ठरले नाही. किमान निम्मी आणि जास्तीत जास्त ९० टक्के जागा खुली करायची, बाकीची पक्ष्यांसाठी नियंत्रित तळी म्हणून राखायची, आणि एकेका टप्प्यावर काय घडते ते पाहून पुढचे ठरवायचे, असा तो आराखडा आहे. तुमच्या ४ हेक्टरांत एवढी चैन परवडणार नाही, पण "जसे आहे तसेच ठेवणे" हा पर्यायही अहवालात इतर पर्यायांच्या बरोबरीने तपासलेला असावा.

डासांचाही विचार करा. केवळ उधाणाला भिजणाऱ्या आणि मग आठ-दहा दिवस डबकी राहणाऱ्या सखल जागा डासांना फार मानवतात. रोज भरती-ओहोटी होणाऱ्या जागेत हा त्रास कमी असतो, अर्धवट जोडलेल्या जागेत तो वाढतो.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे ३३ दिवसांच्या नोंदी घेतल्या आणि सर्व उंच्या बांधावरच्या एकाच बेंचमार्कवरून काढल्या. पुढील सर्व आकडे सरासरी समुद्रपातळीच्या संदर्भात आहेत.

खाडीत सरासरी भरती अधिक ०.७ मीटर आणि ओहोटी उणे ०.७ मीटर आढळली. मोठ्या उधाणाचे पाणी अधिक १.१ मीटरपर्यंत चढले. तळ्यात मात्र पाणी उधाणाच्या दिवशी १३ सेंटिमीटर आणि भांगाच्या (सर्वांत लहान भरतीच्या) दिवशी अवघे ६ सेंटिमीटर हलले, आणि तळ्यातली भरती खाडीच्या भरतीनंतर २ तास ४० मिनिटांनी आली. तळ्याची सरासरी पातळी अधिक ०.३५ मीटर आहे, म्हणजे खाडीपेक्षा वर. पाइपाचे बूड अधिक ०.१ मीटरवर आहे.

तळ्याच्या ४ हेक्टरांपैकी ५५ टक्के तळ उणे ०.२ मीटरच्या खाली आहे, १५ टक्के त्याच्या आणि शून्याच्या मध्ये, आणि ३० टक्के शून्याच्या वर. तळ्याभोवती आणखी सुमारे दीड हेक्टर सखल मोकळी जमीन आहे, ती अधिक १.१ मीटरच्या आत येते. खुंटांच्या बुडाची जमीन अधिक ०.१ मीटरवर आहे आणि तेथील गाभ्यात मऊ गाळाखाली मुळांचा थर स्पष्ट मिळाला. पेरॉक्साइडच्या चाचणीत तीनपैकी दोन नमुन्यांचा सामू ३ च्या खाली गेला. दक्षिणेकडून जाणारी पायवाट अधिक ०.९५ मीटरवर आहे आणि तिच्यापलीकडे एक विहीर आहे.

गटातील मत आता असे आहे, की पाइपाशेजारी तेवढाच आणखी एक पाइप टाकावा. ते पुरेल का?

पाणीपातळी

नोंदी उत्तम आहेत. दुसऱ्या पाइपाने फारसे काही साधणार नाही, असे माझे मत आहे. तळ्यातली भरती पावणेतीन तास मागे पडते, याचा अर्थ तोंड जवळजवळ पूर्ण आवळलेले आहे. अशा तळ्यात हा विलंब वाढून वाढून तीन तासांच्या आसपास जातो, त्यापुढे नाही. तोंड दुप्पट केले तर पाण्याची हालचाल फार तर दुप्पट होईल, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर, आणि पाइपाचे बूड जुन्याच उंचीवर ठेवले तर तळे त्याखाली उतरणारच नाही.

तुमच्या आकड्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाइपाच्या बुडाची उंची आहे. खाडीशी जोडले की तळ्यात पाणी वाढेल, असे प्रत्येकाला वाटते. येथे उलट होईल. आज तळे कायम अधिक ०.३५ मीटरवर तुंबलेले आहे. मोकळी वाट मिळाली तर सरासरी पातळी शून्याकडे उतरेल आणि रोज दोन वेळा ओहोटीला शून्याच्या वरची सगळी जमीन उघडी पडेल. खुंटांची जागा त्यातच येते. ती झाडे खाऱ्या पाण्याने मेली नसावीत. पाणी कधीच न उतरल्याने त्यांची मुळे गुदमरली असावीत, असे या उंचीवरून दिसते.

तळ्यातले १.२ हेक्टर आणि भोवतालचे दीड हेक्टर, असे मिळून पावणेतीन हेक्टरांच्या आसपास जागा वनस्पतींच्या पट्ट्यात येते. सव्वादोन हेक्टर उथळ पाणी आणि चिखल राहील, आणि उरलेला अर्धा-पाऊण हेक्टर गाळ साचत गेला तर पुढे वर येईल. खाडीच्या पाण्यात गाळ पुरेसा आहे का, हे भरतीच्या वेळी बाटल्या भरून, गाळून आणि वजन करून पाहा. समुद्रपातळी २००६ ते २०१८ या काळात जगभर सरासरीने दर वर्षी सुमारे ३.७ मिलिमीटर वाढत होती. तळ किमान त्या गतीने चढला नाही तर आजचा पट्टाही अरुंद होत जाईल.

वाट किती मोठी हवी, याचा अंदाज असा. सरासरी भरतीला आत येणारे पाणी तुमच्या उंच्यांवरून मी सुमारे ३८,००० घनमीटर काढले. बांधाची माती धुपू नये म्हणून सरासरी वेग सेकंदाला ०.६ मीटर धरला, तर सव्वासहा तासांसाठी जवळपास ३ चौरस मीटर छेद लागतो, म्हणजे आजच्या पाइपाच्या दहापट. त्याचे बूड उणे ०.५ मीटरच्या आसपास तरी असावे. हा हिशेब केवळ दिशा दाखवतो; बांधकामाआधी जलशास्त्राच्या अभियंत्याकडून प्रतिमान (मॉडेल) करून घ्यावेच लागेल.

आता अडचणीची बाजू. १.१ मीटरच्या उधाणाला ०.९५ मीटरवरची पायवाट १५ सेंटिमीटर पाण्याखाली जाईल. एक तर पायवाटेची उंची वाढवावी लागेल, किंवा पाण्याच्या वाटेवर अशी झडप बसवावी लागेल, जी रोजची भरती आत येऊ देते आणि ठरलेल्या पातळीला तरंगकाच्या साह्याने आपोआप मिटते. विहिरीचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. तिच्यातल्या पाण्याची पातळी आणि क्षारता आजपासून दर आठवड्याला नोंदवायला सुरुवात करा, आणि विहीर व तळे यांच्या मध्ये एक निरीक्षण-नळी टाका. कोणी ते पाणी पीत असेल आणि तळे उतरल्यावर किंवा उधाणाचे खारे पाणी सखल जमिनीवर चढल्यावर ते बिघडण्याची शक्यता दिसली, तर पर्यायी पाण्याची सोय होईपर्यंत बांधाला हात लावू नये, असे मी अहवालात स्पष्ट लिहीन.

खणलेल्या काळ्या गाळाची जागाही आताच ठरवून टाका. तुमच्या चाचणीनंतर तो काठावर उघडा ठेवणे शक्य नाही; तळ्याच्याच खोल भागात, नेहमी पाण्याखाली राहील असा तो टाकता येतो का, हे अभियंत्याला विचारा. गटातल्या ज्या दोघांना काम झालेले दिसायला हवे आहे, त्यांना विहिरीच्या नोंदी आणि भरतीच्या वेळची पक्षिगणना सोपवता येईल.